डॉर्टची धर्मसभा

सन १६१९ च्या मे महिन्याच्या १३ व्या तारखेस हेग शहरीं, राज्यसभेच्या इमारतींमधील चौकांत, एकाहत्तर वर्षांच्या एका वृद्ध मुत्सद्द्याचा तलवारीनें शिरच्छेद करण्यांत आला. त्याचें नांव योहान व्हान ओल्डनबार्नेव्हेल्ट. स्पेनच्या साम्राज्याशीं चाळीस वर्षें झुंजणाऱ्या डच प्रजासत्ताकाची घडी ज्या थोड्या पुरुषांनीं बसविली त्यांत याची गणना अग्रभागीं होते. इंग्लंड व फ्रान्स यांच्याशीं संधान त्यानेंच बांधलें; १६०९ सालीं स्पेनशीं बारा वर्षांचा युद्धविराम त्यानेंच घडवून आणिला; आणि १६०२ सालीं एकमेकांच्या मुळावर उठलेल्या व्यापारी मंडळ्यांस एकत्र आणून डच ईस्ट इंडिया कंपनी उभी करण्यांतहि मुख्य हात त्याचाच होता. याच कंपनीची वखार पुढें वेंगुर्ल्यास निघाली, हें कोंकणच्या इतिहासाच्या अभ्यासकांस सांगावयास नको. अशा पुरुषास मरणदंड कां झाला, असा प्रश्न केल्यास जें उत्तर मिळतें तें प्रथमदर्शनीं मोठें चमत्कारिक वाटतें. मोक्षास जाणारीं माणसें ईश्वरानें सृष्टीच्या पूर्वींच निवडून ठेविलीं आहेत काय, आणि ठेविलीं असल्यास कशावरून निवडिलीं, या प्रश्नावरून उठलेल्या वादळांत तो सांपडला.

हें ऐकून आपल्याकडील सुशिक्षित वाचक बहुधा हंसेल. धर्मशास्त्र हें केवळ निमित्त होतें, खरा तंटा सत्तेचा व पैशाचा होता, असें म्हणण्याची एक रीत पडली आहे. ही रीत सोयीची आहे, कारण ती पत्करली म्हणजे त्या काळचे ग्रंथ वाचण्याचे श्रम वांचतात. परंतु ज्या देशांत नावाडी आणि विणकर या प्रश्नावर रस्त्यांत हातघाईवर येत, आणि आपल्या मताचा पाळक मिळावा म्हणून लोक रविवारीं दुसऱ्या गांवच्या देवळापर्यंत पायपीट करीत, त्या देशांत हा प्रश्न नुसतें निमित्त होता असें मानणें म्हणजे त्या सर्व लोकांस वेडे ठरविणें होय. सत्तेचा तंटा होता हें खरें. पण तो याच प्रश्नावर येऊन कां पेटला, हें समजून घेतल्याशिवाय इतिहास समजला असें म्हणतां येणार नाहीं.

वादाचें मूळ फार जुनें आहे. इ. स. ४१० त गॉथ लोकांनीं रोम लुटलें, त्याच्या आधींच्या वर्षांत पेलेजियस नांवाचा, ब्रिटनमधून आलेला एक तपस्वी त्या नगरांत उपदेश करीत असे. नांवाच्या ख्रिस्ती लोकांचें शिथिल आचरण पाहून त्याचा जीव तळमळे. ईश्वरानें आज्ञा केली आहे त्या अर्थीं ती पाळण्याचें सामर्थ्यहि मनुष्याच्या ठायीं असलेंच पाहिजे, हें त्याच्या शिकवणीचें सार होतें. हिप्पोचा बिशप ऑगस्टिन यानें आपल्या आत्मचरित्रांत आज्ञा पाळण्याचें बळहि आज्ञा करणाऱ्यापाशींच मागितलें होतें. तें पेलेजियसच्या कानीं पडलें तेव्हां त्यास संताप आला. असें म्हटल्यावर आळशास व विषयलंपटास आयतीच सबब मिळणार नाहीं काय? उलट ऑगस्टिनला स्वतःच्या तारुण्याचा अनुभव आठवत होता. चांगलें तें कळत असून वळत नाहीं, इच्छा करावी म्हटलें तरी ती पुरी होत नाहीं, हें त्यानें वर्षानुवर्षें भोगलें होतें. आदामाच्या पतनापासून मनुष्याची इच्छाशक्तीच रोगी झाली आहे, रोग्यानें स्वतःस बरें करावें हें अशक्य, म्हणून पहिलें पाऊल ईश्वराच्या कृपेचेंच असलें पाहिजे, असा त्याचा सिद्धांत. येथवर त्याच्याशीं फारसें कोणी भांडलें नसतें. पण ही कृपा सर्वांस मिळालेली दिसत नाहीं. मग कोणास मिळावी हें कोण ठरवितो? उत्तर एकच उरतें, आणि ऑगस्टिननें वृद्धापकाळीं तें कचरल्यावांचून दिलें.

या वादांत अर्भकांचा प्रश्न आला, आणि तो पुन्हा कधींच बाहेर गेला नाहीं. तान्ह्या मुलास पाप नाहीं तर मंडळी त्यास बाप्तिस्मा कां देते, असें ऑगस्टिन विचारी. बाप्तिस्म्यावांचून मेलेलें मूल तारणाबाहेर राहतें, मग त्याची शिक्षा कितीहि सौम्य असो, हा निष्कर्ष त्यानें मान्य केला. पेलेजियसच्या पक्षाचा बुद्धिमान् बिशप एक्लॅनमचा ज्युलियन यानें याच जागीं बोट ठेविलें; तान्ह्या मुलांस दंड करणारा हा देव न्यायी कसा, हा त्याचा सवाल होता. इ. स. ४१८ मध्यें कार्थेज येथील सभेनें पेलेजियसचीं मतें निषिद्ध ठरविलीं. तथापि ऑगस्टिनची समग्र विचारसरणीहि मंडळीनें पचविली नाहीं. ५२९ सालच्या ऑरेंज येथील सभेनें कृपेची आवश्यकता मान्य केली, आणि कोणी ईश्वराकडून पापासाठींच नेमिलेला असतो या मताचा मात्र धिक्कार केला. हजार वर्षें तडजोडीवर निभावलीं.

तडजोड मोडली ती धर्मसुधारणेच्या काळांत. इरॅस्मसनें १५२४ त इच्छास्वातंत्र्याचा पक्ष घेऊन ल्यूथरवर पुस्तक लिहिलें. ल्यूथरनें पुढल्याच वर्षीं त्याचा असा समाचार घेतला कीं, दोघांत पुन्हा सलोखा होणें शक्य राहिलें नाहीं. परंतु या सिद्धांतास शास्त्राचें रूप दिलें तें जिनीव्हाच्या कॅल्व्हिननें. त्याच्या प्रख्यात ग्रंथाच्या १५५९ सालच्या शेवटल्या आवृत्तींत तो स्पष्ट सांगतो कीं, कांहींजण चिरंतन जीवनासाठीं व कांहींजण चिरंतन नाशासाठीं ईश्वराच्या शाश्वत संकल्पानें नेमिलेले आहेत, आणि या नेमणुकीस मनुष्याच्या गुणाचें अथवा भावी श्रद्धेचें कारण नाहीं. हा संकल्प भयावह आहे, हें तो स्वतःच कबूल करतो. त्याचा शिष्य बेझा आणखी एक पाऊल पुढें गेला. ही निवड करतांना ईश्वराच्या दृष्टीपुढें पतित मनुष्य नव्हता, अद्यापि निर्माणहि न झालेला मनुष्य होता, असें त्यानें मांडलें. म्हणजे पतनसुद्धां संकल्पाच्या पोटांत आलें.

येथें आपल्या वाचकांनीं एका घोटाळ्यापासून सावध राहिलें पाहिजे. ही पूर्वनियुक्ति म्हणजे आपलें दैव किंवा प्रारब्ध नव्हे. आपल्याकडील कर्मसिद्धांतांत जीवाची आजची विषम स्थिति ही त्याच्याच मागील कर्माचें फळ असते. म्हणूनच ब्रह्मसूत्रकारांस ईश्वरावरील पक्षपाताचा व निर्दयतेचा आरोप झटकून टाकितां येतो. कॅल्व्हिन हाच मार्ग बंद करतो. त्याच्या मतीं निवडीस जीवाच्या बाजूचें कारण शोधणें हाच ईश्वराच्या सार्वभौमत्वाचा अपमान. आपल्याकडे त्याच्या थोडे जवळ येतात ते मध्वाचार्य, कारण कांहीं जीव मुक्तीस सर्वथैव अयोग्य असें तेहि मानतात. पण तेथेंहि ती अयोग्यता जीवाच्या अनादि स्वभावांत आहे, ईश्वराच्या अहेतुक निवडींत नाहीं. टिळकांनीं ‘गीतारहस्यां’त कर्मविपाकाशेजारीं आत्मस्वातंत्र्य बसविण्यासाठीं एक सबंध प्रकरण खर्चिलें, कॅल्व्हिनच्या अनुयायांस तसें करण्याची सवडच नव्हती.

मग इतका कठोर सिद्धांत लोकांस प्रिय कसा झाला? त्यासाठीं त्या लोकांची स्थिति पाहिली पाहिजे. नेदर्लंड्समधील पहिले कॅल्व्हिनपंथी म्हणजे घरदार सोडून पळालेले, नातलग जाळले गेलेले लोक. आपली श्रद्धा आपल्या बळावर टिकावयाची असेल तर छळाच्या खोलींत ती किती वेळ टिकेल, ही भीति त्यांस पुस्तकांतून शिकावी लागली नव्हती. निवड ईश्वरानें केली आहे, ती कोणत्याहि राजास रद्द करतां येत नाहीं, आणि आपण डळमळलों तरी ती डळमळत नाहीं, हें त्यांस वज्रकवच वाटे. हा सिद्धांत मनुष्यास निष्क्रिय करील असें तर्क सांगतो; इतिहास सांगतो कीं हॉलंड, स्कॉटलंड व न्यू इंग्लंड येथें याच सिद्धांताचे लोक सर्वांत उद्योगी निघाले. मॅक्स वेबरनें १९०४-०५ सालीं याची उपपत्ति अशी लाविली कीं, आपण निवडलेल्यांपैकीं आहों कीं नाहीं या चिंतेनें मनुष्य आपल्या धंद्यांतील शिस्तींत व यशांत त्याची खूण शोधूं लागला. यांत तथ्य आहे. परंतु प्रस्तुत लेखकास असें वाटतें कीं, वेबरनें चिंतेवर जितका भर दिला तितका निश्चिंततेवर दिला नाहीं. ज्यास आपल्या शेवटाची खात्री आहे तोच मधल्या संकटांत बेधडक उडी घालतो.

आतां मुख्य कथेकडे वळूं. याकोब आर्मिनियस हा औडेवाटर गांवचा. १५७५ सालीं स्पॅनिश सैन्यानें त्या गांवीं कत्तल केली, तींत त्याची आई व भावंडें मारलीं गेलीं. तो शिक्षणासाठीं परगांवीं होता म्हणून वांचला. लायडन येथें व नंतर जिनीव्हास खुद्द बेझाच्या हाताखालीं शिकून तो १५८८ पासून ॲमस्टरडॅम येथें पाळक झाला, आणि १६०३ सालीं लायडनच्या विद्यापीठांत धर्मशास्त्राचा अध्यापक. कूर्नहर्ट नांवाच्या एका पाखंडी लेखकाचें खंडन करण्याचें काम त्याजकडे दिलें असतां तोच त्याच्या मताचा झाला, अशी एक गोष्ट पुष्कळ पुस्तकांत आढळते. गोष्ट चटकदार आहे, म्हणूनच ती टिकली असावी. अलीकडील चरित्रकार तिजवर विश्वास ठेवीत नाहींत. आर्मिनियस हा बंडखोर प्रकृतीचा नव्हताच. पौलाच्या रोमकरांस पाठविलेल्या पत्राचें विवरण करतांना त्यास असें आढळूं लागलें कीं, बेझाचा अर्थ स्वीकारल्यास पापाचें कर्तृत्व फिरून फिरून ईश्वराकडेच येतें. यावर त्याचा तोडगा असा: ईश्वरानें निवड केली ती ख्रिस्तावर श्रद्धा ठेवणाऱ्यांची, आणि कोण श्रद्धा ठेवील हें तो आधींपासून जाणतो. श्रद्धेसाठीं कृपा अपरिहार्य आहे, परंतु ती नाकारितां येते. भिकाऱ्यानें दान घेण्यासाठीं हात पुढें केला म्हणून तें दान रहात नाहीं काय, असें तो विचारी.

त्याचा सहाध्यापक फ्रान्सिस गोमारस यास हें मुळींच रुचलें नाहीं. गोमारस ब्रूजचा; त्याचें कुटुंबहि धर्मासाठीं देशोधडीस लागलेलें. एकाच आपत्तींतून गेलेले दोन पुरुष एकाच पत्रांतील त्याच अध्यायाचा उलट अर्थ करीत होते, हें जे लोक प्रत्येक मताचें मूळ परिस्थितींत शोधतात त्यांनीं लक्षांत ठेवण्यासारखें आहे. १६०८ सालीं दोघांस हेग येथें वरिष्ठ न्यायालयापुढें बोलाविण्यांत आलें. न्यायाधीशांनीं दोन्ही बाजू ऐकून, मतभेद तारणाच्या मूलतत्त्वांस स्पर्श करीत नाहीं, असा अभिप्राय दिला. त्यावर गोमारस म्हणाला असें सांगतात कीं, आर्मिनियसचें मत मनांत बाळगून ईश्वरापुढें उभें राहण्याचें धाडस आपणांस होणार नाहीं. दुसऱ्या वर्षीं, १६०९ च्या ऑक्टोबरांत, आर्मिनियस क्षयानें मरण पावला; वाद मात्र तेव्हां कोठें सुरू झाला होता.

१६१० सालीं त्याच्या मताच्या चाळीसांहून अधिक पाळकांनीं हॉलंडच्या प्रांतिक सभेकडे पांच कलमांचा एक अर्ज केला. त्या अर्जावरून त्यांस ‘रेमॉन्स्ट्रंट’ म्हणजे निवेदनपक्षी असें नांव पडलें. निवड श्रद्धेवर अवलंबून आहे. ख्रिस्त सर्वांसाठीं मेला. कृपेवांचून मनुष्य सत्कर्मास असमर्थ आहे. परंतु कृपा अनिवार्य नाहीं. आणि खरा श्रद्धावान् पुन्हा पतित होऊं शकतो कीं नाहीं याचा अधिक विचार व्हावा, अशीं तीं कलमें. तिसरें कलम वाचलें म्हणजे या लोकांस पेलेजियसचे वंशज म्हणणें किती अन्यायाचें होतें हें दिसून येतें. प्रतिपक्षानें पुढल्या वर्षीं प्रत्युत्तर दिलें, आणि देवळोदेवळीं फूट पडली.

ओल्डनबार्नेव्हेल्ट हा कांहीं धर्मशास्त्री नव्हता. राज्यानें वादास बंदी करावी, दोन्ही मतांच्या पाळकांनीं एकमेकांस सहन करावें, आणि मंडळीवर शेवटचा अधिकार प्रांतिक सभेचा असावा, एवढेंच त्याचें म्हणणें. त्याचा तरुण सहकारी ह्यूगो ग्रोशियस यानें या धोरणास शास्त्राधार पुरविला. हा तोच ग्रोशियस, ज्यानें १६०९ त समुद्र सर्वांस मोकळा आहे असें प्रतिपादून गोव्याच्या पोर्तुगीजांचा हिंदी महासागरावरील मक्तेदारीचा दावा खोडून काढिला होता. आतां येथें विलक्षण विसंगति अशी कीं, मनुष्याच्या इच्छेस स्वातंत्र्य देणारा पक्ष मंडळीस राज्याच्या ताब्यांत देऊं पहात होता, आणि इच्छेस परतंत्र मानणारा पक्ष मंडळीच्या स्वातंत्र्यासाठीं लढत होता. विरोधकांची ही बाजू आपण सहसा विसरतों. ईश्वराच्या वचनाचा अर्थ नगरशेटांच्या बहुमतानें ठरावा कीं काय, हा त्यांचा प्रश्न क्षुद्र नव्हता.

यांत राजकारण मिसळलें. स्पेनशीं युद्धविराम झाला तो सेनापति मॉरिस यास मान्य नव्हता. मॉरिस हा विल्यम ऑफ ऑरेंजचा मुलगा. वडिलांच्या खुनानंतर त्यास पुढें आणिलें तें ओल्डनबार्नेव्हेल्टनेंच. पूर्वनियुक्ति हिरवी कीं निळी हेंहि आपणांस ठाऊक नाहीं, असें तो म्हणे अशी आख्यायिका आहे. तथापि कडव्या कॅल्व्हिनपंथी लोकांस युद्ध हवें होतें, अमेरिकेच्या व्यापारावर डोळा असलेल्या ॲमस्टरडॅमच्या पुढाऱ्यांसहि हवें होतें, आणि वृद्ध मुत्सद्दी दोघांच्याहि वाटेंत होता. स्पेनचा पैसा त्यानें खाल्ला अशीं पत्रकें गांवोगांव फिरूं लागलीं. पुरावा कधींच पुढें आला नाहीं. १६१७ च्या जुलईंत मॉरिस उघडपणें विरोधकांच्या देवळांत उपासनेस जाऊन बसला. ऑगस्टांत ओल्डनबार्नेव्हेल्टनें हॉलंडच्या सभेकडून, शहरांनीं आपापले शिपाई ठेवावे, असा ठराव करून घेतला. आमच्या मतें ही त्याची घोडचूक. जो शांततेसाठीं झटत होता त्यानेंच प्रतिपक्षाच्या हातीं यादवीचा आरोप दिला. वर्षभरांत मॉरिसनें ते शिपाई घरीं पाठविले, आणि १६१८ च्या ऑगस्टच्या २९ व्या तारखेस ओल्डनबार्नेव्हेल्ट व ग्रोशियस कैदेंत पडले.

त्यानंतर अडीच महिन्यांनीं, १३ नोव्हेंबर रोजीं, डॉर्ट येथें राष्ट्रीय धर्मसभा भरली. इंग्लंड, जिनीव्हा, स्वित्झर्लंड, पॅलॅटिनेट, हेसे, ब्रेमेन येथून प्रतिनिधि आले. फ्रान्सच्या राजानें आपल्या प्रॉटेस्टंट प्रजाजनांस येऊं दिलें नाहीं, तेव्हां त्यांचीं आसनें रिकामीं ठेविलीं. सुमारे शंभर सभासद, सर्व काम लॅटिनमध्यें, अध्यक्ष योहान बोगरमन. निवेदनपक्षाचे लोक सभासद म्हणून नव्हते; एपिस्कोपियस व त्याचे सहकारी यांस आरोपीप्रमाणें हजर राहण्याचें फर्मान होतें. प्रतिवादी तोच न्यायाधीश कसा, ही त्यांची पहिली तक्रार. नंतर वाद कोठून सुरू करावा यावरच आठवडे गेले. ते म्हणत, ईश्वर कांहींजणांस नाशासाठीं नेमतो या मतावर आधीं बोलूं द्या. सभा म्हणे, निवडीपासून आरंभ करा. हा हट्ट दोन्ही बाजूंनीं समजून उमजून होता, कारण नाशाची नेमणूक हा सिद्धांताचा दुबळा भाग आहे हें दोघांसहि ठाऊक होतें. अखेर १६१९ च्या जानेवारीच्या १४ तारखेस बोगरमननें संतापून त्यांस सभेबाहेर घालविलें.

ते गेल्यावर सभेंत एकवाक्यता झाली असें मात्र समजूं नये. जॉन हेल्स हा इंग्रज वकिलाचा धर्मोपदेशक तेथें बसून हेगला पत्रें पाठवीत असे. तीं अद्यापि वाचण्यासारखीं आहेत. ब्रेमेनचा मार्टिनियस जरा सौम्य बोलूं लागतांच गोमारसनें हातमोजा फेंकून त्यास द्वंद्वाचें आव्हान दिलें, असें त्यानें लिहिलें आहे. द्वंद्व अर्थात् वादाचें, परंतु आविर्भाव खराच. इंग्लंडच्या डॅव्हनंट व वॉर्ड यांनीं ख्रिस्ताचें मरण एका अर्थीं सर्वांसाठींच आहे असा आग्रह धरिला, आणि म्हणूनच सभेच्या निर्णयांत तें मरण सर्व जगास पुरेसें असून फलद्रूप मात्र निवडलेल्यांच्या ठायीं होतें, अशी जुळवाजुळव करावी लागली. बेझाची टोंकाची भूमिकाहि सभेनें उचलली नाहीं; निवड पतित मनुष्यजातींतून झाली असेंच तिच्या भाषेवरून निघतें. गोमारसचा पक्ष जिंकला. गोमारस पुरता जिंकला नाहीं.

या निर्णयांतील एक कलम मात्र पुनःपुन्हा वाचावेंसें वाटतें. श्रद्धावान् आईबापांचीं जीं मुलें बालपणींच मरतात त्यांच्या निवडीविषयीं व तारणाविषयीं त्या आईबापांनीं शंका बाळगूं नये, असें त्यांत सांगितलें आहे. निर्णयाच्या उपसंहारांतहि, आपण तान्ह्या लेंकरांस आईच्या छातीपासून ओढून नरकांत लोटतों हा आरोप सभेनें कळकळीनें नाकारिला आहे. ज्या काळीं जवळजवळ प्रत्येक घरांतून एकदोन लहान शवपेट्या बाहेर पडत त्या काळचें हें लिखाण आहे. या सभेंतील पाळकांनीं तीं मुलें स्वतः पुरलीं होतीं. ऑगस्टिनच्या तर्कास ज्युलियननें जेथें अडविलें तेथेंच हजारबाराशें वर्षांनीं हे कठोर लोक आपण होऊन थांबले. तर्काच्या दृष्टीनें हें कलम सिद्धांतास जोडलेलें ठिगळ आहे, असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. निवड जर खरोखरच मनुष्याच्या कर्तृत्वावर अवलंबून नसेल, तर कांहींच कर्तृत्व नसलेल्या अर्भकाइतकें तिला योग्य दुसरें कोण? परंतु याच न्यायानें श्रद्धाहीनांचीं मुलें तरी बाहेर कां, यास सभेनें उत्तर दिलेलें नाहीं.

परदेशी प्रतिनिधींसह शेवटची बैठक ९ मे रोजीं झाली. चौथ्या दिवशीं ओल्डनबार्नेव्हेल्ट वधस्तंभाकडे गेला. चोवीस न्यायाधीशांच्या खास न्यायालयानें त्यास दोषी ठरविलें होतें. क्षमेचा अर्ज आल्यास मॉरिस तो मान्य करील अशी सर्वांची अटकळ होती. अर्ज करणें म्हणजे अपराध कबूल करणें, म्हणून कुटुंबानें तो केला नाहीं. सुमारें दोनशें पाळकांच्या जागा गेल्या, आणि ज्यांनीं मौनाची हमी देण्याचें नाकारलें त्यांस देशाबाहेर काढण्यांत आलें. कवि व्हॉण्डेल यानें १६२५ त प्राचीन ग्रीक कथेच्या आडून या वधावर नाटक लिहिलें, त्याबद्दल त्यास दंड झाला.

त्याच वर्षीं मॉरिस वारला. त्याचा भाऊ फ्रेडरिक हेन्री सौम्य निघाला; हद्दपार पाळक हळूहळू परतले, आणि १६३४ सालीं एपिस्कोपियसच्या हाताखालीं ॲमस्टरडॅममध्यें त्यांची पाठशाळाहि सुरू झाली. त्यांचा छोटा पंथ नेदर्लंड्समध्यें आजहि आहे. डॉर्टचा सिद्धांत इंग्लंडांत वेस्टमिन्स्टरच्या सभेनें १६४६ सालीं आपल्या कबुलीजबाबांत निराळ्या शब्दांत घातला, व तो स्कॉटलंडनें शिरोधार्य मानिला. १८२९ सालीं मुंबईस आलेले डॉ. विल्सन याच कबुलीजबाबाच्या मंडळीचे. उलट जॉन वेस्लीनें १७७८ त मासिक काढलें त्यास आर्मिनियसचेंच नांव दिलें.

ग्रोशियसला जन्मठेप झाली होती. लूव्हेस्टाइनच्या किल्ल्यांत त्यास वाचावयास पुस्तकें मोठ्या पेटींतून येत व जात. प्रथम पहारेकरी पेटी उघडून पहात. पुढें ते कंटाळले. १६२१ च्या मार्चच्या २२ तारखेस त्याच्या पत्नीनें, मारिया व्हान राइगर्सबर्ख हिनें, त्यास त्या पेटींत निजवून किल्ल्याबाहेर पाठविलें, आणि आपण मागें राहिली. पेटीबरोबर एक मोलकरीण होती; शिपाई पेटी जड लागते म्हणून कुरकुरले, तरी कोणीं झांकण काढलें नाहीं. तो पॅरिसला पोंचला. तुरुंगांत असतांना त्यानें डच भाषेंत एक लांबलचक पद्यग्रंथ रचिला होता. तो १६२२ त छापला गेला. निवेदनपक्ष किंवा प्रतिपक्ष यांच्यासाठीं तो नव्हता. पूर्वेकडील समुद्रांत महिनेन्‌महिने जहाजावर काढणाऱ्या, आणि मुसलमान व मूर्तिपूजक यांच्याशीं गांठ पडणाऱ्या डच खलाशांनीं वाटेंत वाचावा म्हणून ख्रिस्ती धर्माच्या सत्यतेचीं प्रमाणें त्यांत सोप्या भाषेंत मांडलीं होतीं.